अकरा किरांचा अर्ज

दत्ताराम परबाने जन्मात बेकायदा काही केलं नाही. घरात जे बेकायदा व्हायचं, त्याचे तो अर्ज करायचा. गोठ्याची खोली झाली, अर्ज. विहिरीवर पंप बसला, अर्ज. धाकट्या भावाने, बाबलीने, देवळाच्या जमिनीत संडास बांधला, त्याचाही अर्ज; आणि सात वर्षांनी तो संडास रीतसर झाला. मामलेदार कचेरीत अठ्ठावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाची ही श्रद्धा होती आणि गोव्यात ती फळते. आधी बांधायचं, मग लिहायचं, मग वाट बघायची. डोंगर खणणाऱ्यांचं जमलं, मग परबांचं का जमू नये?

म्हणून मोरजीच्या किनाऱ्यावरचा शॅकवाला जेव्हा बाबलीला म्हणाला, की शेजारच्या शॅकमधले कीर, म्हणजे पोपट, फॉरेस्टवाल्यांनी पिंजऱ्यासकट नेले, आता कागद असेल तरच माल घेतो, तेव्हा दत्ताराम शांतपणे म्हणाला, "कागद ना? करू." आणि त्याने चार पानी अर्ज केला. विषय: पाळीव कीर नियमित करून मिळण्याबाबत. सोबत तक्ता. अकरा पिल्लं, प्रत्येकाची लांबी, चोचीची लांबी, पिसं आली की नाही. अर्जदाराच्या जागी बहिणीचं नाव: कमलाक्षी. घरातले सगळे अर्ज तिच्याच नावाने जायचे. विधवा बाईचा कागद टेबलावर वर राहतो, हा दत्तारामचा अनुभव. ती सही करायची. कशावर, ते तिला कधी कुणी सांगितलं नाही आणि तिनेही बावीस वर्षांत विचारलं नाही.

उत्तर तेरा दिवसांत आलं. सरकारने परबांना इतक्या लवकर कधीच उत्तर दिलं नव्हतं. गुरुवारी दुपारी चार वाजता रेंजर येऊन पाहणी करतील, अर्जदाराने पक्ष्यांसह हजर राहावं.

गुरुवारी सकाळच्या बसने जयराम वाळपईहून आला. दत्तारामचा मुलगा. वन खात्यात रक्षक म्हणून लागून त्याला आठ महिने झाले होते. तो बाकावर बसला, नोटीस वाचली, मग बापाने ठेवलेली अर्जाची प्रत वाचली.

"बाबा, ह्यो अर्ज नाय. कबुलीजबाब आसा."

"शब्द नीट वापर. ह्या विनंतीपत्र."

"एकेकाची चोच मापून लिवलास. रेंजराक मोजूचो त्राससुद्धा ठेवलास नाय."

बाबली खांबाला टेकून उभा होता. बसला की त्याची पाठ धरायची. "मापां बरोबर आसत हां. पट्टी मी धरलंय," तो म्हणाला.

"काका, हसतंस काय? संडास नियमित करता सरकार. रानातलो कीर करीत नाय. बाहत्तर सालाचो कायदो आसा. धरूक नाय, विकूक नाय, पाळूक नाय. तीन वर्सांपर्यंत आत घालू शकतत."

"बाहत्तर सालात ह्या पडवेर सात पिंजरे होते," दत्ताराम म्हणाला. "तेव्हा खंय होतो तुमचो कायदो?"

"होतो, बाबा. घरात पोचूक नव्हतो."

बाहेर काजूचा वास येत होता. बोंडू पिकून खाली पडून कुजायला लागले होते, गोळा करायला आज कुणी गेलं नव्हतं.

"माझा ऐका," बाबली म्हणाला. "सोडून देवया. कीरच नसले तर पाहणी कसली?"

"पंख भरूक नाय त्येंचे. सोडलंस तर मांजर खातला."

"खाऊं दे. मांजराक नोटीस येत नाय."

"आणि तक्तो? अकरा लिवलेले आसत. दाखवूचे पडतले." दत्तारामने चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. कचेरीत अडचणीचा कागद आला की तो असंच करायचा, आणि चष्मा पुन्हा नाकावर चढेपर्यंत त्याच्याकडे उत्तर असायचं. "काय एक घाबरूचा नाय. अर्ज कमळेच्या नावार आसा. ती सांगतली, माका म्हायती नव्हता, मीच धरले, मीच पाळले, चूक झाली. चौथी शिकलेली विधवा बाई. तिका काय करतले? ताकीद देतले नि जातले."

"दादा म्हणता ता बरोबर," बाबली म्हणाला.

चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या नारळांवरून भांडण झाल्यापासून हे दोघे भाऊ एकमेकांच्या ताटाला ताट लावत नव्हते. बाबलीचा ट्रक खाणी बंद झाल्यापासून मागच्या अंगणात उभा होता आणि त्यावर दोडक्याचा वेल चढला होता. त्या वेलाच्या दोडक्यांवरूनही भांडण झालं होतं. आज मात्र दोघे एका बाजूला होते. घरातली सगळ्यात गरीब बाई पुढे करायची असली की परबांच्या घरात एकी व्हायला वेळ लागत नाही.

जयराम उठून आत गेला. त्याने "नाही" म्हटलं नव्हतं, हे दोघा भावांच्या लक्षात आलं होतं, आणि त्याच्याही.

सुमंगला रगड्यावर खोबरं वाटत होती. मिक्सर होता, पण मनात काही असलं की ती रगड्यावर बसायची. मुलगा दारात आला तशी तिने मान वर न करताच म्हटलं, "तू गप ऱ्हव."

"मी बोललंय काय?"

"बोलूचो आसस. तोंडार दिसता."

"आये, आतेच्या नावार गुन्हो जातलो."

"जाऊं दे. दंड झालो तर आमी भरू. तिका नोकरी नाय, पोर नाय, लगीन करूचा नाय. तिच्या नावाक काय लागता?" मग हात थांबवून, हळू आवाजात: "तुका पक्को करूक चार म्हयने आसत. पँट धुतलंय मी, जयराम. माडाच्या सालीन दोन्ही ढोपरां फाटलली. माका काय कळना नाय?"

जयराम उंबऱ्यातच उभा राहिला.

गेल्या महिन्यात तो तीन दिवसांच्या सुट्टीवर आला होता. बाबलीची पाठ गेलेली, माडावर चढणं बंद. ढोल्यांमध्ये पिल्लं चिरकत होती आणि बाबली खालून वर बघत म्हणाला होता, "ह्या वर्सा ऱ्हवला." एवढंच. जयराम दहाव्या वर्षापासून चढायचा. वाड्यावर त्याच्याइतकं चढणारा कुणी नव्हता. खाकी वाळपईच्या खोलीत खुंटीवर होती. तिथे मी रक्षक, इथे मी पुतण्या, असं काहीसं त्याने स्वतःला सांगितलं आणि दोन दिवसांत तीन माडांच्या ढोल्या रिकाम्या केल्या. रिकाम्या म्हणजे घरच्या रीतीप्रमाणे. प्रत्येक ढोलीत दोन पिल्लं ठेवायची. दोन ठेवली की पुढच्या वर्षी जोडी त्याच माडावर येते. कायद्याची कलमं पाठ असलेला हा पोरगा वर ढोलीत हात घालून ती रीत पाळत होता, आणि आपण काही वाईट करतोय असं त्याला वाटलं नव्हतं, कारण दोन ठेवली होती.

"तिका विचारूक होया," तो म्हणाला.

"विचारू नको," सुमंगला म्हणाली. "विचारलंस की ती जबाब देतली."

सुमंगला वाईट बाई नव्हती. वन्संना ताप आला की ती रात्रभर जागायची. पण पोरगा आणि वन्सं एकाच तराजूत घाल म्हटलं तर तिने तराजूच लपवला असता.

कमलाक्षी मागच्या पडवीत पिल्लं भरवत होती.

तीन टोपल्या, त्यात मऊ पडलेली जुनी लुगडी. भिजवून चेचलेली चण्याची डाळ आणि मोडलेलं केळं एका वाटीत. फणसाचं पान दुमडून, काडी टोचून तिने चमचा केला होता. घरात पेज खायला करतात तसाच, फक्त टोक निमुळतं. एकेकाची मान दोन बोटांत धरायची, चोचीच्या कडेने पान सरकवायचं, गळ्याखालची पिशवी फुगली की थांबायचं. जास्त झालं तर मरतं. कमी झालं तर रात्री मरतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवरा वारल्यावर छत्तिसाव्या वर्षी ती माहेरी परतली, आणि दुसऱ्याच फाल्गुनात बाबलीने तिच्या ओटीत चार पिल्लं टाकली: "बाय, तू मोकळी आसस. भरव." त्या वर्षी तिच्या हातून चारही मेली. पुढच्या वर्षी दोन जगली.

आता तिचा हात बसला होता. पण यंदा माडावरून उतरली होती पंधरा. तक्त्यात अकरा आली. उरलेली चार केळीच्या बुंध्याशी होती आणि त्यांचा रकाना दत्तारामने आखला नव्हता. दर वर्षी ती जगवायची, पिसं हिरवी व्हायची, ती तिला बघून मान हलवायला लागायची आणि बाबली पिंजरा घेऊन यायचा. मग कुठल्या तरी शॅकमध्ये दारूच्या बाटल्यांशेजारी. ती एकदा मोरजीला कासवं बघायला गेली होती, बायकांच्या मंडळाबरोबर. तिथे एका पिंजऱ्यात कीर छातीची पिसं उपटून उघडा झालेला दिसला. तो आपलाच की कुणाचा, हे तिला ओळखता आलं नाही. तेव्हापासून ती मोरजीला गेली नाही. भरवायचं मात्र थांबवलं नाही. बाबलीला दोष देणं सोपं होतं. पानाचा चमचा तिच्याच हातात होता.

जयराम शेजारी येऊन बसला.

"कागद हाडलंस?" तिने विचारलं. "वाच."

"आते..."

"वाच रे. बावीस वर्सां सही करतंय. एक तरी आयकूं दे."

त्याने वाचायला सुरुवात केली. दत्तारामची भाषा घोटीव होती. "'मी, खाली सही करणार, निराधार विधवा, वय वर्षे अठ्ठावन्न, विनम्रपणे निवेदन करते की, सदर पक्षी मी स्वतः माडावर चढून, उदरनिर्वाहाकरिता नव्हे तर केवळ ममतेपोटी...'"

कमलाक्षीच्या हातातलं पान थांबलं. आधी तिचे खांदे हलले, मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

"माडार? मी? हागणदारेक बसलंय तर उठूक माका हात होयो."

"धरणाऱ्याचा नाव लागता. म्हणून बाबांनी घातला."

"आणि वाचताना तुझी जीभ कशी अडकाक नाय?"

जयरामने कागद घडी करून खिशात ठेवला. टोपलीतल्या एका पिल्लाने त्याचं बोट चोचीत धरलं. त्याने ते सोडवून घेतलं नाही.

"चार म्हयने आसत, आते," तो म्हणाला. "रेंजरान विचारल्यान तर... तू हो म्हणशीत?"

तिने त्याच्याकडे बघितलं. याला तिने हाताने भात भरवला होता. सुमंगला टायफॉइडने पडली होती तेव्हा सहा महिने हा तिच्याच कुशीत झोपायचा.

"विचारलंस ता बरा केलंस," ती म्हणाली. "तुझ्या बापाशीक ताय सुचूक नाय."

मग तिने पुढचं पिल्लू उचललं.

रेंजर चारला दहा मिनिटं असताना आला. चाळिशीचा, सावकाश बोलणारा माणूस, बरोबर एक रक्षक. पंच म्हणून शेजारच्या शांतारामला बोलावलं. चहा ठेवला होता, तो कुणी घेतला नाही. रेंजरने जयरामला ओळखलं, ट्रेनिंगला बघितलं होतं. "तुमचं घर का हे?" एवढंच म्हणाला आणि टोपल्यांकडे वळला. मोजली. अकरा. तक्ता बरोबर होता.

"आजींनी भरवलीत चांगली," तो म्हणाला. "ही आम्ही घेऊन जाणार. पंख भरले की रानात सोडायचा प्रयत्न करू. सगळी नाही जगणार." मग कागद काढला. "धरली कोणी?"

"अर्जात आसा सायबांनू," दत्ताराम म्हणाला. "तिसऱ्या परिच्छेदात."

"वाचलंय. त्यांना विचारतोय."

सगळे कमलाक्षीकडे बघायला लागले. सुमंगलाने पदर तोंडात धरला. बाबली जीपकडे बघत होता.

"पंचनामो जाग्यार करतत मां?" कमलाक्षी म्हणाली. "चला. माड दाखयतंय."

तो माड विहिरीच्या पलीकडे होता. चार वर्षांपूर्वी वीज पडून त्याचा शेंडा गेला होता, नुसतं खोड उभं होतं आणि वरच्या टोकाखाली सुतारपक्ष्याने कोरलेलं गोल भोक. रेंजर वर बघतो आहे तेवढ्यात तिने पंपाच्या खोपीतून काथ्याचा वेढा काढला, चढणारे पायात अडकवतात तो. साडी गुडघ्यांपर्यंत वर घेऊन खोचली. वेढा पायांत घातला. आणि खोडाला मिठी मारली.

"बाय, काय करतंस?" बाबली म्हणाला.

"शांताराम, तू साक्षीदार. नीट बघ."

तिने पाय वर घेतले. वेढा खोडात रुतला, ती वीतभर वर गेली, तिथेच राहिली. मग पुन्हा पाय ओढले. उघड्या पोटऱ्या सालीवर घासत होत्या. तिचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

"बाई, उतरा खाली," रेंजर म्हणाला. "याची काही गरज नाही."

"लिवलेला आसा सायबांनू." ती खोडाला गाल लावून बोलत होती. "लिवलेला खोटा कसा करूचा? माझो भाव अठ्ठावीस वर्सां सरकारात होतो."

दत्ताराम चपलेच्या टोकाने माती सारखी करत होता. पाय सुटला तर ती कुठे आपटेल, हे तो मनातल्या मनात बघत होता. विहिरीचा कठडा तिथून दोन हातांवर होता. त्याला ओरडायचं होतं. पण काय म्हणून? उतर म्हटलं असतं तर तिसरा परिच्छेद गेला असता.

ती तिसऱ्यांदा वर सरकली तेव्हा जयराम हलला. सुमंगलाने त्याची बाही धरली होती; तिचं बटण तुटून पडलं. त्याने आत्याला कमरेला धरून मुलासारखं खाली घेतलं, विहिरीच्या कठड्यावर बसवलं, वाकून तिच्या पायातला वेढा काढला. तिच्या पोटऱ्यांवर रक्त आलं होतं. त्याने तो वेढा स्वतःच्या पायांत घातला आणि चढला.

चढताना त्याचे हात कुठेही चाचपडले नाहीत. कुजक्या जागा त्याला ठाऊक होत्या. तिथे तो खोड सोडून वर पकडत होता. शांतारामने एकदा रेंजरकडे बघितलं आणि मग आपल्या पायांकडे. वरून हिरवं काहीतरी किंचाळत सुटलं आणि माडाभोवती फेऱ्या घालायला लागलं.

ढोलीशी पोचून जयरामने आत हात घातला.

"दोन आसत, साहेब," तो वरून म्हणाला. "पंख भरत इले. पंधरा-वीस दिवसांत उडतले."

"त्यांना हात लावू नका. मूळची किती होती?"

"सात. पाच काढली."

"कोणी काढली?"

जयरामने ढोलीतून हात बाहेर काढला.

"मी," जयराम म्हणाला. "ह्या माडावरची पाच, पलीकडच्या दोन माडांवरची दहा. जयराम दत्ताराम परब. पुढचा तुमका ठावक आसा."

रेंजरने नाव लिहिलं. पुढे हुद्दा लिहायचा होता. तिथे पेन थोडं थांबलं, मग तेही लिहिलं. सुमंगला जमिनीवर बटण शोधत बसली होती. ते तिच्या पायाशीच होतं.

"अर्जातलं आजींचं नाव मग काढतो," रेंजर म्हणाला.

"काढू नका," कमलाक्षी म्हणाली. "पंधरा इली. चार माझ्या हातातसून मेली. केळीकडे पुरलंय, दाखयतंय. भरवणारी म्हणून लिवा माका. चढणारी म्हणून नको. आणि विकणारो कोण, ता तोच सांगीत. त्येकाय तोंड आसा."

बाबलीने जीपवरची नजर काढली. पाठीवर हात ठेवून तो दोन पावलं पुढे आला. "लिवा," तो म्हणाला. "बाबली परब. ट्रकवालो. ट्रकवालो लिवा हां, कीरवालो नको."

वर जयराम अजून ढोलीशीच होता. ती हिरवी मादी जवळ येऊन बसायला बघत होती आणि तो होता म्हणून बसत नव्हती. ते कळल्यावर तो हळूहळू उतरायला लागला.

रेंजरने अर्जाची चार पानं उलटीसुलटी केली. शेवटच्या पानावर कमलाक्षीची सही होती, अक्षरं वेगवेगळ्या दिशांना पळणारी. बाकी सगळा मजकूर एका रेषेत, समास सोडून, खाडाखोड नाही.

"अक्षर सुंदर आहे," तो म्हणाला. "कोणाचं?"

बाबलीने पुन्हा जीपकडे बघितलं. सुमंगला बटण मुठीत घेऊन उठली. कमलाक्षी पोटऱ्या पदराने टिपत होती. दत्तारामने चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.